लाजरं कार्ड

"बटण बंद केलंस का रे?"

आत्याचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझा हात बटणापर्यंत पोचत नव्हता. स्टूल ओढायचं, वर चढायचं, बटण दाबायचं, खाली उतरायचं आणि मग धडपडत दार शोधायचं, कारण दिवा आपणच घालवलेला असायचा. आत्याच्या घरात वाढलेल्या माणसाचं असं होतं, की खोलीतून बाहेर पडताना आधी हात भिंतीकडे जातो, मग बाकीचा माणूस बाहेर पडतो. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बायको न्हाणीघरात असताना मी बाहेरून दिवा घालवला होता. तिनं आतून जे काही म्हटलं ते यमकात बसण्यासारखं नव्हतं.

तर आत्या जाणार होती.

माझा आतेभाऊ लांबच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर आहे. आईनं आता एकटीनं राहायचं नाही, हे त्यानं ठरवलं. घर बंद करायचं, सामान खोक्यांत भरायचं, आई त्याच्याकडे. आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, "हो, छान." तिकडे खोली पूर्वेची देऊ की पश्चिमेची? "कुठलीही. छान." गच्चीतल्या कुंड्या वाटून टाकू? "हो, हो. छान." मी जन्मभर बघतोय, ही बाई भाजीवाल्याच्या हातातल्या ताज्या कोबीला नावं ठेवते. तिच्या तोंडून इतके 'छान' ओळीनं मी कधी ऐकले नव्हते. पण वय झालं की माणूस मवाळ होतो, अशी मी आपली समजूत करून घेतली. समजूत करून घेण्यात मी पटाईत आहे.

जायच्या आधल्या संध्याकाळी सगळ्यांना आत्याकडे बोलवायचं ठरलं, आणि मी जाहीर करून टाकलं, की आत्याच्या आयुष्याची चित्रमाला मी दाखवणार. तरुणपणापासून आत्तापर्यंत, ओळीनं, प्रत्येक चित्राखाली मी रचलेल्या दोन ओळी.

"अरे कविराज," आतेभाऊ म्हणाला, "फोटो माझ्या फोनवर पाठव. मी टीव्हीवर लावतो. दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचं! ज्या बाईनं मला स्टुलावर चढायला शिकवलं, तिचं आयुष्य दोन मिनिटांत? मी म्हटलं, "तू खोकी भर. चित्रांचं मी बघतो."

आता माझ्या यंत्राविषयी. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांतले स्वल्पविराम शोधून जागेवर बसवणं, चुकलेल्या वेलांट्या वळवणं. छापखान्यात संगणक आले तेव्हा बाकीचे घाबरले म्हणून मला त्यांच्यापुढे बसवलं, आणि मला ते प्रकरण आवडलं. पुढे मी घरी पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक आणला. त्याच्या पोटात नखाएवढं मेमरी कार्ड. सगळी अक्कल त्या कार्डात, सगळी चित्रंही त्यातच. बायको त्याला 'तुमची साबणाची वडी' म्हणते.

आत्याचे जुने फोटो मी दुकानात नेऊन त्यांच्या प्रती काढून घेतल्या होत्या. दुकानदारानं विचारलं, "साधी प्रत की मोठी?" माणसाला असं कोणी विचारलं की तो 'साधी' कसं म्हणणार? मी म्हटलं, "सगळ्यात मोठी." एकेक चित्र इतकं अवजड झालं, की जुन्या फोटोतल्या आत्याच्या पदराचा धागा न् धागा मोजता यावा.

पहिली चाचणी आमच्या घरी, आत्यासमोरच घेतली. तिला खुर्चीत बसवलं आणि कळ दाबली. पडद्यावर वरून खाली, मुंगीच्या पावलानं, आत्या उतरू लागली. आधी केस आले. मग कपाळ. भुवया येईपर्यंत बायकोनं निम्मी भाजी निवडली. नाकाचा शेंडा आला आणि तिथंच सगळं थांबलं.

आत्या थोडा वेळ स्वतःच्या नाकाकडे बघत राहिली. मग उठून म्हणाली, "माझं तोंड उगवलं की हाक मार. मी तोवर दळण आणते."

"फोटो लहान करा ना," बायको म्हणाली.

हे वाक्य लक्षात ठेवायची गरज नाही. ती ते इतक्या वेळा म्हणाली, की माझ्याही लक्षात राहिलं नाही.

खालच्या मजल्यावर व्होल्टेजकाका राहतात. वीज खात्यातून निवृत्त झालेत, आणि जगातलं कुठलंही दुःख मुळात कमी दाबाच्या विजेमुळे होतं, असा त्यांचा सिद्धांत आहे. त्यांची मुलगी परीक्षेत नापास झाली तेव्हाही त्यांनी आधी टेबललॅम्प तपासला होता. ते मीटर घेऊन वर आले, दोन तारा इथं लावल्या, दोन तिथं, आणि हळहळले, "गरिबाला पुरेसं मिळत नाहीये हो." मग म्हणाले, "कार्डाच्या पितळी पट्ट्या खोडरबरनं घासा." घासल्या. "उलटं घाला." ते जाईना. "मग थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा." तेही केलं. बायकोनं अंड्यांच्या कप्प्यातून ते काढून माझ्या हातावर ठेवलं आणि कप्प्यात पुन्हा अंडी भरली.

शेवटी मी वाचायला बसलो, आणि पुष्कळ वाचल्यावर खरं कारण सापडलं. संगणक आणि कार्ड यांच्यामध्ये एक दुभाषी असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. संगणक म्हणतो, अमुक आण. ड्रायव्हर ते कार्डाला सांगतो, कार्ड आणून देतं, मग ड्रायव्हर पुढचं सांगतो. एका वेळी एकच काम. बाजारातून आधी मीठ आणायचं, घरी यायचं, मग साखरेसाठी पुन्हा जायचं, घरी यायचं, मग चहापत्तीसाठी पुन्हा. माझ्या कार्डाला पाय चांगले होते. पण कोणी त्याला पिशवीच देत नव्हतं.

आणि गंमत ही, की पिशवी होती! नव्या कार्डांना दोन सोयी असतात. एक रांगेची: दहा कामं एकदम सांगा, कार्ड आपल्याला सोयीचं पडेल त्या क्रमानं ती उरकतं. दुसरी खिशाची: काही लिहून ठेवायला दिलं, की कार्ड ते तात्पुरतं खिशात टाकतं, लगेच 'झालं' म्हणतं आणि मागाहून सवडीनं नीट जागेवर मांडून ठेवतं. दोन्ही सोयी ड्रायव्हरमध्ये लिहिलेल्या होत्या. फक्त माझ्या कार्डासाठी बंद होत्या. का? तर ड्रायव्हरमध्ये एक यादी होती. जी कार्डं बढाया मारतात आणि वेळेवर दगा देतात, अशांची. त्या यादीत माझ्या कार्डाचं नाव होतं.

मी उठून उभा राहिलो. आपल्या घरातल्या मुलीबद्दल चारचौघांत कोणी काहीबाही बोलावं तसं झालं. ज्या कार्डानं फ्रीजमधली थंडी सोसली, खोडरबर सोसला, ते खोटारडं? मी स्वतःच्या हातानं ती ओळ खोडली आणि दोन्ही सोयी चालू केल्या.

पण ड्रायव्हरमधली एक ओळ बदलली की सगळी प्रणाली पुन्हा बांधावी लागते. एक खिळा बदलायला आख्खं घर उतरवून पुन्हा उभारण्यातला प्रकार. आमची साबणाची वडी रविवारभर ते घर बांधत होती. ती इतकी तापली, की बायकोनं तिच्यावर दुधाचं भांडं विरजण लावून ठेवलं. दही सुरेख लागलं. माझ्या संगणकविद्येचं घरात मान्य झालेलं हे एकमेव फळ.

आणि मग! कळ दाबली, आणि आत्या आली. केसांसकट, तोंडासकट, काठापदरासकट. एका झटक्यात. तिच्यामागोमाग दुसरी आत्या, तिसरी आत्या. पाण्यात उतरलेल्या बगळ्यांसारख्या पांढऱ्या साड्या, ओठावर थांबलेलं हसू, उन्हात मिटलेले डोळे. मी बायकोला हाक मारली. तिनं पदराला हात पुसत पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं. आता तरी जेवायला या."

दुसरा कोणी असता तर इथं थांबला असता. पण प्रश्न अब्रूचा होता. माझ्या कार्डाचं नाव त्या यादीतून सगळ्या जगासाठी निघालं पाहिजे होतं. ड्रायव्हर सांभाळणारा एक राखणदार असतो, कुठल्याशा देशात. कोणीही दुरुस्ती सुचवावी, त्यानं तपासून ती घ्यावी, अशी रीत. दुरुस्तीसोबत तिचं वर्णन लिहायचं असतं. आता वर्णन लिहा म्हटल्यावर मी काय कोरडं लिहिणार? मी वर दोन ओळी घातल्या:

*एकेक काम घेतं, कार्ड माझं गं लाजरं,*
*दहा दिली एकदम, तरी करील साजरं.*

खाली सौजन्य म्हणून भाषांतर जोडलं आणि पाठवून दिलं.

उत्तर आलं. तीन वाक्यांचं. "कविता समजली. पण तुमच्या चौथ्या ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा जास्त सुटली आहे. काढून पुन्हा पाठवा."

वाचकहो, मी मुद्रितशोधक आहे. भल्याभल्या लेखकांच्या शब्दांमधल्या फटी मी बुजवल्यात. माझ्या नजरेतून सुटलेली रिकामी जागा कोणी परका माणूस शोधून मला परत पाठवतो? मी भिंग घेऊन पाहिलं. होती. ओळ संपल्यावर, जिथं कोणी बघत नाही तिथं, एक रिकामी जागा निवांत बसलेली होती. त्या दिवशी छापखान्यात मी कोणाच्याही चुका काढल्या नाहीत. मालकांनी विचारलं, "बरं वाटत नाही का?"

ती काढून पाठवलं. उत्तर आलं, "सही नाही." सही घालून पाठवलं. "वर्णनात तुम्ही काय केलंत ते लिहू नका, ड्रायव्हरनं काय करावं ते लिहा." तेही केलं. "कोणत्या कार्डांवर तपासलंत?" एका. "आणखी तपासा." मी व्होल्टेजकाकांच्या जुन्या कॅमेऱ्यातलं कार्ड मागून आणलं. त्यावर त्यांच्या कुठल्याशा सहलीत काढलेले फक्त विजेच्या खांबांचे फोटो होते. ते भराभर उघडले. तसं कळवलं.

मग राखणदाराचं सविस्तर उत्तर आलं. पहिल्यांदाच माणसासारखं. त्यानं लिहिलं होतं, की दुरुस्ती विचारात आहे पण खिशाची सोय चालू केली तर एक गोष्ट सांभाळा कार्ड झालं म्हणालं तरी ते झालेलं असतंच असं नाही संगणक रीतसर बंद करून खिसा रिकामा होऊ द्या वीज अचानक तोडली तर खिशातलं जातं.

एवढ्या लांबलचक मजकुरात एकही विरामचिन्ह नव्हतं! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी पेन्सिल घेतली आणि त्याच्या उत्तराच्या छापील प्रतीवर तीन पूर्णविराम आणि दोन स्वल्पविराम ठळक घातले. हिशोब चुकता झाल्यासारखं वाटलं. मुद्रितशोधकाचा हा रोगच आहे. डोळा वाक्यावर असतो, अर्थ बाजूनं निघून जातो.

आता राहिलं चित्रं लावण्याचं काम. मी समारंभाच्या दुपारी बसलो. आधी तिच्या घराच्या दारात उभी असलेली, नव्यानंच लग्न झालेली आत्या, मग मांडीवर आतेभाऊ, मग पायाशी मी, मग गच्ची, कुंड्या, बाजार, पांढरे केस. आणि सगळ्यात शेवटी आतेभावाची उंच इमारत आणि त्यातली आत्याची खोली, कोऱ्या पलंगावर कोरी चादर. गोष्टीचा शेवट कसा गोड हवा. प्रत्येकाखाली दोन ओळी घातल्या. शेवटच्या खोलीखालच्या दोन ओळी काही केल्या जुळेनात. 'खोली'ला मला नुसतं 'ओली' सुचत होतं. तेही रेटून घातलं. 'जतन करा' म्हटलं. क्षणात उत्तर आलं: झालं. पूर्वी हेच करायला ही वडी इतका वेळ घ्यायची, की माझा पेपर वाचून व्हायचा. मी तिला हातानं थोपटलं.

"एकदा पुन्हा लावून बघा," बायको दारातून म्हणाली.

"विश्वास ठेवायला शिक," मी म्हटलं, आणि कपडे बदलायला उठलो. खोलीतून बाहेर पडलो. बाहेर पडताना हात भिंतीकडे गेला. खट्ट.

आत्याच्या घरात त्या संध्याकाळी बसायला खुर्च्या नव्हत्या. त्याही बांधून झाल्या होत्या. माणसं खोक्यांवर बसली होती. 'पुस्तकं' लिहिलेल्या खोक्यावर व्होल्टेजकाका, 'काच, सांभाळा' लिहिलेल्या खोक्यावर कोणीच नाही. आत्याला एका गादीच्या वळकटीवर बसवलं होतं. आतेभाऊ सगळ्यांना सांगत होता, तिकडे दवाखाना किती जवळ आहे, लिफ्ट किती मोठी आहे. आत्या दर वाक्याला "छान" म्हणत होती.

मी यंत्र टीव्हीला जोडलं. घसा साफ केला. "ही एका आयुष्याची ओळ आहे," असं काहीसं म्हटलं. कळ दाबली.

पहिलं चित्र आलं: उंच इमारत. दुसरं: कोरी खोली, कोरी चादर.

टाळ्या पडल्या. "संपलं?" कोणीतरी विचारलं. "छान आटोपशीर झालं."

मी पडद्याजवळ गेलो. खाली ओळी नव्हत्या. क्रम नव्हता. दुपारभर रचलेलं सगळं कार्डाच्या खिशात राहिलं होतं, आणि निघताना भिंतीवरचं बटण दाबून मी यंत्राची वीज तोडली होती, म्हणजे तो खिसा स्वतःच्या हातानं उलटा केला होता. चित्रं तेवढी आधीपासून जागेवर होती म्हणून वाचली. आणि आता क्रम सांगायला कोणी नसल्यामुळे रांगेच्या नव्या सोयीनं कार्ड आपल्याला सोपं पडेल तशी ती पुढे करत होतं. हलकी आधी, अवजड मागून. हलकी म्हणजे फोनवर काढलेली, अलीकडची. अवजड म्हणजे दुकानातून 'सगळ्यात मोठी' करून आणलेली, जुनी.

"फोनवर घेऊ का?" आतेभावानं हळूच विचारलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

तिसरं चित्र आलं. पांढऱ्या केसांची आत्या, बसथांब्यावर, हातात पिशवी.

"अरेच्चा," व्होल्टेजकाका खोक्यावरून पुढे वाकले. "खोली बघितली, आणि पिशवी उचलून निघाली की!"

लोक हसले. पुढचं चित्र: आत्या याच गल्लीत, भाजीवाल्याशी हुज्जत घालताना, करड्या केसांची.

"पोचली! गल्लीत आली!" काकांना आता चेव चढला. "उतरल्या उतरल्या भांडण!"

मग गच्ची. कुंड्यांना पाणी घालताना, केस अजून काळे. मग स्वयंपाकघर, हातात झाकण, तोंडभर हसू, मागे स्टुलावर चढलेले माझे दोन पाय. चित्रामागून चित्र आत्या त्या उंच इमारतीपासून लांब येत होती, आणि जितकी घराजवळ येत होती तितकी तरुण होत होती. आता खोक्यांवरची सगळी माणसं ओरडत होती, "आली, आली! जिना चढली! आता दार!" आणि खरंच सगळ्यात अवजड, सगळ्यात जुनं चित्र शेवटी आलं. नव्या रंगाच्या वासाचं हे घर, आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून दारात उभी आत्या. आत्ताच घर ताब्यात घेतल्यासारखी. कोणी बाहेर काढायला आलंच, तर आधी तिच्याशी गाठ.

चित्र हललं नाही. पुढे काही नव्हतंच.

लोक हसत होते, टाळ्या देत होते. आत्याही हसत होती, वळकटीवर मागे रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग सगळ्यांचं हसू थांबलं, तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना.

"आई?" आतेभाऊ खाली बसला. "काय झालं गं? दाखवणाऱ्यानं घोळ घातला, एवढंच. क्रम चुकला."

"चुकला नाही," आत्या म्हणाली. "बरोबर लागला."

व्होल्टेजकाकांनी हातातलं मीटर खिशात घातलं.

"म्हणजे?"

"म्हणजे मला असंच करायचं होतं. गेल्या गेल्या पिशवी उचलून परत यायचं, असं मी मनात ठरवून ठेवलं होतं. तुला न सांगता."

"अगं, पण तू तर सगळ्याला हो म्हणत होतीस! छान म्हणत होतीस!"

"तू विचारत होतास काय? पूर्वेची खोली की पश्चिमेची. मंगळवारी निघू की बुधवारी. त्याची उत्तरं मी दिली. जे विचारायचं ते विचारलंसच कुठं? आणि तू एवढा लांबून, एवढ्या हौसेनं आलेला. तुझं तोंड बघितलं, की माझ्या तोंडून 'छान'च निघायचं."

आतेभावानं टीव्हीवरच्या दारातल्या त्या मुलीकडे पाहिलं. ती त्याच्यापेक्षा कितीतरी लहान होती. मग त्यानं आईचा हात हातात घेतला आणि सावकाश, एकेक शब्द ठेवत विचारलं, "आई, तुला माझ्याकडे राहायला यायचंय का?"

आत्यानं नाक पुसलं. पदर नीट केला.

"नाही," ती म्हणाली. "भेटायला येईन, दहादा येईन. पण राहायचंय मला इथंच, माझ्या घरात. आणि ते स्वयंपाकघराचं खोकं आधी फोड. एवढी माणसं दारात आलीत, आणि माझ्या चहाच्या पातेल्याला तू चिकटपट्टी लावून बसलायस!"